‘मुलं नदी बघत नाहीत, बटण बघतात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग तुम्ही वर्गात लावलेली तीच फाइल उघडून बसले आणि राग माझ्याकडे वळला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रातल्या नद्यांच्या पाठाची पॉवरपॉइंट फाइल मी इथे दिली होती. नकाशावरचं बटण दाबलं की त्या नदीची स्लाइड उघडते. सरांच्या वर्गात एक मुलगा ‘कृष्णा’चं बटण दाबायला गेला, माउस जरा बाजूला पडला आणि भलतीच, उत्तरांची स्लाइड उघडली. भीमेवर टाळ्या वाजल्या आणि वर्ग हसत सुटला. कॉलआउटमधल्या, म्हणजे शेपटी असलेल्या मजकुराच्या चौकटींमधल्या, मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसला. सरांनी शेवटी लिहिलं, “मुलं नदी बघत नाहीत, बटण बघतात. खडूने नकाशा काढला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं.”

उत्तरं फुटली, तो दोष सर्वस्वी माझा. स्लाइडवर रिकाम्या जागी क्लिक झालं की पॉवरपॉइंट मुकाट्याने पुढच्या स्लाइडवर जातं. बटणं ठेवायची तर ‘ट्रान्झिशन्स’मध्ये जाऊन ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढून टाकायला हवी, सगळ्या स्लाइड्सची. मी ती फक्त पहिल्या स्लाइडवर काढून टाकली होती. ‘सेट अप स्लाइड शो’मधला किऑस्कचा पर्याय निवडला तर हा प्रश्नच उरत नाही, कारण मग फक्त बटणं आणि लिंक चालतात. पण किऑस्कमध्ये बाणाच्या कळा चालत नाहीत आणि हातातला रिमोटही मुका होतो. तुम्ही रिमोट वापरता हे तुमच्या प्रतिक्रियेतूनच कळलं, तेव्हा तुमच्यासाठी खूण काढणंच बरं.

रोमन कचऱ्याचंही तेच. कॉलआउट मी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केले होते. तो फाँट माझ्या लॅपटॉपवर आहे, शाळेच्या संगणकावर नाही. आता सगळा मजकूर युनिकोडमध्ये, निर्मला यूआय या फाँटमध्ये टाइप केलाय. टाळ्यांबद्दल काय बोलू? ॲक्शन सेटिंग्जच्या खिडकीत ‘प्ले साउंड’ दिसलं आणि मोह आवरला नाही.

पण बटणंच नकोत, हे काही मला पटत नाही.

माझ्या वर्गात गोदावरीवर बोलत होते. त्र्यंबकेश्वरजवळ उगम इथवर आलो आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पंढरपूरला चंद्रभागा आहे ना, ती कुठली नदी?” एकामागून एक सरकणाऱ्या स्लाइड्स असत्या तर मी “थांब, पुढे येईल” म्हटलं असतं. बटण होतं म्हणून लगेच भीमेवर गेलो, तिचं वळण पाहिलं आणि तिथे तिला चंद्रकोरीवरून ‘चंद्रभागा’ नाव पडलंय हे मुलांनीच सांगितलं. मग भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते म्हणून कृष्णा, आणि कृष्णेवरून कऱ्हाडचा कोयनेचा संगम. त्या दिवशी गोदावरी अर्धीच राहिली. पुढे काय बघायचं हे वर्गाने ठरवलं, आणि बटणाचं काम मला एवढंच दिसतं. क्रम माझा मीच ठरवणार असेन तर बटण हवं कशाला? बाण दाबला की झालं. त्या फाइलमध्ये मी ‘पुढे’, ‘मागे’, ‘घर’, ‘माहिती’ अशी बटणांची रांगच लावली होती. शेप्सच्या यादीत तळाशी बारा ॲक्शन बटणं आहेत, म्हणून बाराही वापरायची असतात असं तेव्हा वाटायचं!

आता तुमचं ते वाक्य. “बटण बघतात.” खरं आहे, कारण नदीशेजारी मी निळा, फुगीर, चकचकीत चौकोन ठेवला होता. तो काढून टाकलाय. नव्या फाइलमध्ये नदीच बटण आहे. शेप्समधल्या फ्रीफॉर्मने नदीच्या कडेकडेने बंद पट्टा काढायचा आणि ‘इन्सर्ट’मधल्या ‘ॲक्शन’मधून त्याला स्लाइड जोडायची. पट्टा दिसू नये म्हणून ‘नो फिल’ मात्र देऊ नका. मी दिलं आणि अर्धा तास डोकं फोडलं, कारण मग फक्त कडेवर क्लिक लागतं, पोटात नाही. रंग भरायचा आणि पारदर्शकता शंभर टक्के करायची. दिसत काहीच नाही, पण क्लिक बरोबर लागतं. मुलाला कृष्णेची स्लाइड हवी असेल तर नकाशावर आधी कृष्णा शोधावी लागते. खडूच्या नकाशावर तुम्ही “दाखव बघू” म्हणता, तेच झालं की हे.

परतीसाठी ‘लास्ट स्लाइड व्ह्यूड’ लावू नका. भीमेवरून कृष्णेवर गेलं की ते भीमेवर आणतं, तिथून पुन्हा कृष्णेवर, आणि वर्ग दोन नद्यांमध्ये हेलपाटे घालत बसतो. प्रत्येक स्लाइडवरून थेट नकाशावर आणणारं एकच बटण स्लाइड मास्टरवर, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या सामाईक साच्यावर, ठेवलंय.

कॉलआउट नकोत, याबाबत तुमच्याशी जवळजवळ सहमत. त्याच्या शेपटीला अर्थ असतो, ती कशाकडे तरी बोट दाखवते. माझ्या सहापैकी चार शेपट्या हवेत लोंबत होत्या, ते साधे चौकोन केले. उरलेल्या दोन, त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वर. पिवळा ठिपका ओढून शेपटीचं टोक थेट उगमावर टेकवलंय.

रिमोट घेऊन वर्गात फिरायचं असेल तर बटणासाठी माउसपर्यंत यावंच लागतं, यावर माझ्याकडे उपाय नाही. एखाद्या मुलाला कीबोर्डजवळ बसवा. शो चालू असताना स्लाइडचा आकडा दाबून एंटर मारलं की थेट ती स्लाइड येते. आमच्याकडे या कामासाठी भांडणं होतात.

दुरुस्त फाइल आज रात्री इथेच चढवते. टाळ्या काढल्या आहेत.