बहिणीचं हक्कसोड पत्र : भावांसाठी मार्गदर्शन

वडील गेले, वाईट झालं. पण दादा, रडत बसू नका. दहाव्याला कावळा शिवला की तेराव्यापर्यंत हातात तीनच दिवस असतात, आणि बहिणी एकदा सासरी पांगल्या की पुन्हा एका जागी सापडत नाहीत.

परवा एका दुय्यम निबंधक कार्यालयात अनोळखी गृहस्थ मागे लागले होते, "ताई, साक्षीदार म्हणून एक सही ठोका. मजकूर काय बघायचाय, घरचंच आहे." बाकड्यावर त्यांच्या तीन बहिणी बसल्या होत्या. मजकूर त्यांनीही बघितला नव्हता. तेव्हाच ठरवलं की ही विद्या नीट लिहून काढायची.

आधी हिशेब करून घ्या. सहा एकर जमीन. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. प्रत्येकी १ एकर ८ गुंठे. हा हिशेब मनातल्या मनात करायचा असतो.

मग वारस नोंद. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे जा (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). इथे बहिणींची नावं गाळायचा मोह होतो, तो आवरा. शपथपत्र खोटं ठरलं तर गुन्हा, आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात उडतो. पूर्वी बरं होतं. थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून चढायचं आणि बहिणी जायच्या 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाशेजारी. बहीण आणि बोजा एका रकान्यात बसवणाऱ्याला घरगुती मनाची चांगलीच जाण असणार. आता त्या सरळ कब्जेदार म्हणून लागतात. लागू द्या. लागलेलं नाव काढायलाच हक्कसोड पत्र असतं.

नुसत्या नोटरीवर भागवू नका. जमिनीचं हक्कसोड नोंदणीकृतच लागतं, नाहीतर फेरफार होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत भावाच्या नावे सोडायला मुद्रांकही नाममात्र आहे. एवढ्या स्वस्तात १ एकर ८ गुंठे बाजारात कुठे मिळतात?

तोंडातून 'हिस्सा' हा शब्द जाऊ देऊ नका. "विहिरीचं प्रकरण अडलंय गं, तुझी एक सही हवी." सामाईक खात्यात सगळ्यांची संमती लागते हे खरंच असल्याने थाप बेमालूम बसते. संमतीपत्राने काम भागतं, हे मात्र बोलायचं नाही.

त्याच फेरीत आईचाही अंगठा उरकून घ्या, पुन्हा गाडीभाडं कशाला?

बहीण हयात नसेल तर तिची लेकरं वारस. ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असतील तर त्यांच्या वतीने हक्क सोडायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. सबब अठरा पूर्ण होईपर्यंत मामाने भाचरांचे भरपूर लाड करावेत.

"वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटप झालं होतं" हे कोर्टात सहसा चालत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधीचं नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर गोष्ट वेगळी.

आता हुकमी एक्का. "तुझ्या लग्नात आम्ही एवढा खर्च केला." हे वाक्य सगळ्यांत शेवटी, आईसमोर, आवाज थोडा जड करून म्हणायचं. फक्त वही काढून बसू नका, कारण वहीत तुमचंही लग्न निघेल. तुमच्या वरातीचा बँड, तुमच्या डिप्लोम्याची फी, तुमची मोटारसायकल, तुमच्या धंद्यात बुडालेले पैसे, हे कुणाच्या हिश्श्यातून गेले? तिच्या लग्नातला मोठा आकडा कसला होता? हुंड्याचा. तो द्यायला १९६१ पासून बंदी आहे, तो तिच्या हाती पडला नाही, तिने मागितला नव्हता. दुसऱ्या घराने खाल्लेला पैसा तिच्या खात्यावर खर्ची टाकायचा आणि वर जमीन वळती करून घ्यायची, असली जमाखर्चाची पद्धत गावच्या सोसायटीतसुद्धा कुणी खपवून घेत नाही! आणि दहावीनंतर तिची शाळा सोडवून तुमच्या कापसात वेचणीला घातली होती, त्या दिवसांची मजुरी कुठल्या पानावर लिहिलीय? तिच्या जागी गडी लावला असता तर त्याला रोज द्यावा लागला असता. तिला काय दिलं? दिवाळीला एक ड्रेस.

असो. दस्ताकडे वळू. त्यात एक ठरीव ओळ असते : "स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता लिहून देत आहे." नशापाणी! पहाटे उठून भाकऱ्या थापून, दोन एसट्या बदलून आलेली बाई ती. तिने नशा केली नाही हे मात्र स्टॅम्पवर लिहून घेतात, आणि दस्त तिला कुणी वाचून दाखवला का, हे विचारायची पाळी येईपर्यंत फोटो निघालेला असतो, अंगठा उठलेला असतो, पुढचा टोकन नंबर पुकारलेला असतो.

आणि तरीही एखादी नाहीच म्हणाली, तर "माहेर तुटेल हं" म्हणा.

पुरे झालं. कसलं मार्गदर्शन आणि कसलं काय. माहेर तुटेल म्हणजे काय हो? तोडणारे तुम्हीच ना? ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा सांगतोय की मुलगी मुलाइतकीच हक्कदार. महाराष्ट्राने त्याआधी, १९९४ लाच, निदान लग्न न झालेल्या मुलींपुरतं हे केलं होतं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात शंकाही ठेवली नाही : २००५ ला बाप हयात असो वा नसो, हक्क जन्मापासूनचा. राहत्या घरातही मुलीला वाटप मागता येतं. "खेड्यात हे चालत नाही" म्हणू नका. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावावर जमिनी केल्या त्या खेड्यातल्याच शेतकऱ्यांनी.

उद्या नवऱ्याने टाकलेली तीच बहीण दोन लेकरं घेऊन तुमच्या दारात येईल, तेव्हा तिला गोठ्याला लागून पत्र्याची पडवी दाखवाल आणि चारचौघांत 'मी सांभाळतो' म्हणाल. तिच्याच १ एकर ८ गुंठ्यांवर तुम्ही जेवत असाल. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तिला पीककर्ज नाही, विमा नाही, गारपिटीची भरपाई नाही. खुरपं तेवढं आहे.

तिला खरंच सोडायचा असेल हक्क, तर सोडेल ती. पण आधी दस्त तिच्या हातात द्या, घरी नेऊ द्या, लेकीकडून वाचून घेऊ द्या. तिचा हिस्सा किती आणि त्याचा आजचा भाव काय, ते तुमच्या तोंडाने सांगा. तेराव्याच्या पंगती उठायच्या आत तिला गाडीत घालू नका. आणि वाटेतल्या कुणालाही धरून साक्षीदार करू नका. साक्षीदाराने मजकूर विचारला तर तोंड कशाला पडतं तुमचं?