मावशीच्या श्रद्धेत खोट नव्हती

गेल्या महिन्यात पंचवटीत मावशीकडे गेले होते. देवघर आवरायला घेतलं, तर समईच्या मागे, हळदीकुंकवाच्या डब्याखाली तिच्या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप सापडल्या. एकही गोळी काढलेली नव्हती. मावशी आधी काही बोलेना. मग तिने मोबाइल पुढे केला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज. तोच मेसेज त्या आठवड्यात मला सोसायटीच्या ग्रुपवर आणि चुलत दिराकडूनही आला होता.

मेसेजचं म्हणणं असं: श्रद्धाळू माणसाला डिप्रेशन होतच नाही, हे विज्ञानानेही सिद्ध केलंय. आपल्या आजी-पणजीच्या काळी हा आजार नव्हताच. मनाच्या गोळ्यांची चटक लागते, म्हणून त्या बंद करा आणि 41 दिवस नामस्मरण करा. एवढं करूनही फरक पडला नाही, तर तुमच्या श्रद्धेत खोट आहे किंवा घराला पितृदोष आहे, त्याची शांती करून घ्या.

मी रामनवमीला काळारामाला जाते, चैत्रात गडावर जाते. माझं नामस्मरणाशी काही भांडण नाही. या मेसेजशी आहे.

आधी विज्ञानाचं. 2003 साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात स्मिथ, मॅककलॉ आणि पोल या संशोधकांनी 147 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, जवळजवळ 99 हजार माणसांचा. धार्मिक माणसांत नैराश्याची लक्षणं थोडी कमी दिसली. नुकताच मोठा आघात झालेल्यांमध्ये हा संबंध जरा जास्त ठळक होता. एवढं मान्य करते. पण 'थोडी' म्हणजे किती? सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत याचं माप (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण), निघाला उणे 0.096. माणसामाणसांच्या नैराश्यात जो फरक असतो, त्यातला एक टक्काही यातून उलगडत नाही. 'होतच नाही' असं कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय आधी काय आणि नंतर काय, हेही अशा आकड्यांवरून कळत नाही. पहाटे उठून काकडआरतीला जाणारा माणूस मुळात उठण्याइतका तरी बरा असतो. मावशी आठ-आठ दिवस अंथरुणातून उठत नव्हती, तेव्हा ती देवळातही नव्हती.

आजी-पणजीच्या काळचं म्हणाल, तर आजार होता, नाव नव्हतं. 'बाहेरचं झालंय', 'डोक्यावर परिणाम झालाय' असं म्हणून विषय संपायचा. माझ्या आजीची धाकटी जाऊ दोन वर्षं माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. घरचे तिला आळशी म्हणायचे. आजही फार वेगळं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्यासारखे आजार असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

आता गोळ्या. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या काही गोळ्यांची, उदाहरणार्थ अल्प्राझोलमची, सवय लागू शकते, हे खरं आहे. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. पण नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी नशा येत नाही, त्यांची चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आणि त्या एकदम सोडल्या, तर बऱ्याच जणांना चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. बंद करायच्याच असतील, तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवत नेतात. मावशीने एका दिवसात सोडल्या. चौथ्या दिवशी भांडी घासताना तिला असा झटका आला की नळ तसाच वाहत ठेवून ती ओट्याला धरून उभी राहिली. हा गोळ्या सोडल्याचा त्रास आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, देव परीक्षा बघतोय. म्हणून ती सोसत राहिली आणि आम्हाला कळूही दिलं नाही.

पण माझा खरा संताप शेवटच्या वाक्यावर आहे. फरक पडला नाही तर तुमच्या श्रद्धेत खोट. म्हणजे गुण आला तर श्रेय उपायाचं, नाही आला तर दोष आजारी माणसाचा. मावशी मला हळूच म्हणाली, "माझंच नाव घेणं मनापासून होत नसेल गं." अठ्ठावन्न वर्षांची बाई, पहाटेचा हरिपाठ कधी न चुकवलेली. स्वतःला सतत दोषी मानणं हे नैराश्याचं एक मुख्य लक्षण आहे. हा मेसेज नेमकं तेच लक्षण वाढवतो. ज्या आढाव्याच्या जिवावर 'विज्ञानाने सिद्ध केलं' म्हणता येईल, त्यातच पुढे आहे की देवाला दोष देत राहणं किंवा धर्माच्या आडोशाने अडचण टाळणं, अशा वागण्याबरोबर नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. श्रद्धा माणसाला धीर देते की धाक, यावर सगळं आहे. हा मेसेज धाक देतो.

आणि पितृदोष. मावशीने त्र्यंबकला नारायण नागबली करायचं मनात धरलं होतं, तीन दिवसांचा विधी. त्यासाठी पाटल्या मोडायची तिची तयारी होती. ज्यांना आपल्या पितरांसाठी करायचाय, त्यांनी जरूर करावा. आजारावरचा इलाज म्हणून तो एका खचलेल्या बाईच्या गळ्यात मारू नका. याच भजनी मंडळातल्या एका काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा सगळ्या जणी फळं घेऊन भेटायला गेल्या. त्यांच्या श्रद्धेत खोट कुणी काढली नाही.

आम्ही मावशीला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या परत सुरू झाल्या. भजन सोडू नका, हे डॉक्टरांनीच तिला बजावलं.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या ताईंना मी फोन केला. "चांगल्या हेतूने पाठवला होता," म्हणाल्या. हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्या ग्रुपवर तो टाकला, त्याच ग्रुपवर आता एवढं लिहा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही गोळ्या बंद करू नका. आणि कुणाला जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, रात्रीबेरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत.