राजानं सही केलीच नव्हती

विकिपीडियावर ऐतिहासिक दस्तऐवजांवरचे लेख सुधारण्याची स्पर्धा चालू आहे आणि गेले तीन आठवडे मी रोज रात्री जागून तिच्यात भाग घेतेय. 'यातून तुला मिळतं काय?' असं तीन-चार जणांनी विचारलं. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

स्पर्धा तशी साधी. महिनाभराची मुदत असते. यादीतला एखादा लेख घ्यायचा, तो वाढवायचा, संदर्भ द्यायचे, चुका काढायच्या. तह, सनदा, जाहीरनामे, हस्तलिखितं, नकाशे, पत्रव्यवहार असं काहीही चालतं. शेवटी परीक्षक गुण देतात. बक्षीस किरकोळ असतं आणि त्यासाठी कुणी येतही नाही. पण हे गुण कशाला द्यायचे, यावर मला मनापासून काही म्हणायचंय.

मागच्या अशाच एका स्पर्धेत मी परीक्षक होते. 'राजा जॉननं १२१५ साली मॅग्ना कार्टावर सही केली' हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या लेखांत भेटलं. तिन्ही ठिकाणी संदर्भ नव्हता. (मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या या राजानं सरदारांच्या दबावाखाली मान्य केलेली हक्कांची सनद.) जॉननं सही केलेली नाही. त्या काळी राजाचा शिक्का लागला की दस्तऐवज पक्का. मेणावर उठवलेली मोठी राजमुद्रा, आणि तीही उठवणार कचेरीतली माणसं. 'शिक्कामोर्तब' हा आपला शब्द त्याच जगातला आहे, तरी लिहिताना आपला हात सहीकडेच जातो.

ही चूक मला बारीक वाटत नाही. 'सही केली' म्हटलं की डोळ्यांपुढे एक कागद, एक टेबल आणि लेखणी धरलेला एक राजा उभा राहतो. प्रत्यक्षात एकाच मजकुराच्या अनेक प्रती चर्मपत्रावर लिहून ठिकठिकाणी धाडल्या गेल्या. १२१५ च्या त्या प्रतींपैकी चार उरल्यात. दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकन कॅथीड्रलची, एक सॉल्झबरी कॅथीड्रलची. ब्रिटिश लायब्ररीतल्या एका प्रतीला १७३१ च्या आगीची झळ लागलीय. आपण सर्रास ६३ कलमं म्हणतो, पण मूळ चर्मपत्रावर कलमांना आकडे नाहीत. लॅटिन मजकूर सलग वाहत जातो, आकडे पुढच्या अभ्यासकांनी घातले. आणि जूनमध्ये झालेला हा करार ऑगस्टमध्ये पोपनं रद्दबातल ठरवला. हे सगळं त्या दोन शब्दांखाली गाडलं जातं.

ती तीन वाक्यं दुरुस्त करणाऱ्याला आमच्या नियमांप्रमाणे शून्य गुण मिळाले असते. गुण होते लेखात किती बाइटची (संगणकात मजकूर मोजायचं एकक) भर पडली त्यावर. चुकीची ओळ काढून बरोबर ओळ लिहिली तर भर ती काय पडणार? उलट तीच चूक चार परिच्छेदांत फुगवली असती तर गुण मिळाले असते. त्या नियमांना मान डोलावणाऱ्यांत मीही होते, हे मला आजही खुपतं.

बाइटचं गणित आपल्या लिपीत तर आणखीच विचित्र होतं. रोमन लिपीतलं साधं अक्षर साठवायला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून आखलेली तीन हजार बाइटची अट मराठीत जेमतेम हजार चिन्हांत पुरी होते. म्हणजे अट पाळून लिहिलेला लेखसुद्धा दीड-दोन परिच्छेदांचा निघतो. तो 'पूर्ण' म्हणून यादीत चढतो आणि मग त्याकडे कुणी फिरकत नाही.

या वेळी मी स्पर्धक आहे आणि वायतांगीच्या तहाला हात घातलाय. न्यूझीलंडमधला, ६ फेब्रुवारी १८४० चा, ब्रिटिश राजसत्ता आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, प्रमुख यांच्यातला तह. वाटलं होतं आठवड्यात उरकेल. पहिल्या परिच्छेदालाच अकरा दिवस गेले.

अडलं ते 'तहात काय ठरलं' या साध्या प्रश्नापाशी. कारण तहाचे मजकूर दोन आहेत. इंग्रजी मसुद्याचं माओरीत भाषांतर हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानं मुलाच्या मदतीनं एका रात्रीत केलं. इंग्रजीत माओरी प्रमुख आपलं सार्वभौमत्व राणीला देतात. माओरीत त्या जागी 'कावानातांगा' हा शब्द आहे. 'गव्हर्नर' या इंग्रजी शब्दाचं माओरी रूप घेऊन मिशनऱ्यांनी घडवलेला, अर्थ साधारण 'कारभार'. आणि दुसऱ्या कलमात प्रमुखांकडे जे राहणार होतं त्यासाठी माओरीत 'रांगातिरातांगा' आहे, म्हणजे प्रमुखपणाचा पूर्ण अधिकार. एका भाषेत सत्ता गेली. दुसऱ्या भाषेत कारभार दिला, सत्ता राखली. पाचशेहून अधिक प्रमुखांनी या तहाला संमती दिली, त्यांतल्या फक्त ३९ जणांनी इंग्रजी मजकुरावर. बाकीच्या सगळ्यांनी माओरी मजकुरावर.

आता सांगा, मराठीत मी काय लिहू? 'माओरींनी सार्वभौमत्व ब्रिटिशांना दिलं' असं लिहिलं तर मी नकळत एका पक्षाची प्रत खरी मानली. इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून चिकटवला असता तर नेमका हा पेच सपाट झाला असता आणि मला कळलंही नसतं. भाषांतरात शब्द निसटला की काय होतं, याच्याच लेखात मी भाषांतर करताना शब्द निसटू देणार होते. शेवटी दोन्ही माओरी शब्द तसेच ठेवले आणि प्रत्येकाचा अर्थ शेजारी उलगडला. वाक्य लांबलं, थोडं अडखळतंही. राहू दे.

मग लक्षात आलं की तहाचं आयुष्य इथे संपतच नाही. तहाची मूळ पानं १८४१ मध्ये एका आगीतून वाचवली गेली. पुढे कित्येक वर्षं ती अडगळीत पडून राहिली. १९०८ मध्ये पुन्हा नजरेस आली तेव्हा पाण्यानं खराब झालेली आणि उंदरांनी कुरतडलेली होती. ज्या कागदावर एका देशातला आजचा जमिनीचा आणि हक्कांचा वाद उभा आहे, त्याचे तुकडे उंदरांनी नेले. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप मिटून नुसती बसून राहिले.

दस्तऐवजावरच्या लेखात दोन चरित्रं असावी लागतात, असं मला वाटतं. एक मजकुराचं: काय लिहिलं, कुणी, का, पुढे काय झालं. दुसरं वस्तूचं: कशावर लिहिलं, किती प्रती, कुठे पडून होत्या, कुणी जपल्या, कुणी हेळसांड केली. बहुतेक लेख पहिल्यावरच थांबतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं घ्या. ४ जुलै १७७६ सगळ्यांना पाठ. पण तो मंजुरीचा दिवस. चर्मपत्रावरच्या बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या आहेत. ४ जुलैच्या रात्री जॉन डनलॅप या मुद्रकानं छापलेल्या प्रतींपैकी २६ सापडल्यात. आणि ते सह्यांचं चर्मपत्र आज इतकं फिकट का दिसतं? कारण एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं ते उजेडात टांगून ठेवलं होतं. लोकांना बघायला मिळावं म्हणून! प्रेमानंच शाई उडवली.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२५ च्या मे महिन्यात बातमी आली की हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयात १९४६ पासून 'नक्कल' म्हणून नोंदवलेला एक मॅग्ना कार्टा प्रत्यक्षात १३०० सालचा, म्हणजे ती सनद पुढे पुन्हा जारी झाली तेव्हाचा, अस्सल आहे. तेव्हा २७.५० डॉलरना घेतलेला. ओळखला कुणी? डेव्हिड कारपेंटर या ब्रिटिश इतिहासकारानं, आणि तोही ग्रंथालयानं संकेतस्थळावर ठेवलेल्या छायाचित्रांवरून. मग निकोलस व्हिन्सेंट या दुसऱ्या अभ्यासकासह मजकूर, माप, अक्षरांचं वळण असं सगळं ताडून पाहिलं. एवढी वर्षं नोंदीत 'नक्कल' होतं म्हणून कुणी निरखलंच नव्हतं.

ही बातमी वाचली की प्रत्येक नव्या संपादकाला हुरूप येतो. मलाही आला. पण इथेच विकिपीडियाचा तो कडक नियम आडवा येतो: स्वतःचं संशोधन लेखात घालायचं नाही. दस्तऐवजाचं छायाचित्र समोर आहे, अक्षर लागतंय, म्हणून 'माझ्या मते याचा अर्थ असा' हे चालत नाही. छापून आलेल्या, तपासलेल्या अभ्यासाचा आधार लागतो. सुरुवातीला मला हा नियम जाच वाटायचा. माझा एक परिच्छेद याच कारणानं उडवला गेला तेव्हा रागही आला होता. आता पटतो. लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानानं १४४० मध्ये 'कॉन्स्टंटाइनचं दानपत्र', म्हणजे रोमन सम्राटानं पोपला सत्ता बहाल केल्याचा कागद, बनावट आहे हे दाखवलं. चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या कागदात रोमच्या अधिकाऱ्यांना 'सत्रप' ही इराणी सुभेदारांची पदवी कशी लावलीय, असले प्रश्न विचारत त्यानं लॅटिनची चिरफाड केली. त्या दानपत्रावर शतकानुशतकं दावे उभे राहिले होते. एवढं काम करायला व्हाल्लाएवढी तयारी लागते, आणि ते काम जोखणारे दुसरे जाणते लागतात. विश्वकोशानं ते जोखून झाल्यावर नीट सांगायचं असतं. तेही सोपं नाही.

संस्थांनी काय करावं याचे चांगले दाखले आहेत. २०१० साली ब्रिटिश म्युझियमनं एका विकिपीडियन स्वयंसेवकाला काही आठवडे आपल्याकडे बसवलं आणि संग्रहाशी संबंधित विषयांवरचा लेख कुठल्याही भाषेत 'निवडक लेख' या विकिपीडियावरच्या सर्वोच्च दर्जाला पोचला तर शंभर पौंडांची अशी पाच बक्षिसं ठेवली. तिथे बाइट मोजले नाहीत, दर्जा मोजला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं २०११ मध्ये असाच एक विकिपीडियन नेमला आणि पुढच्या वर्षापर्यंत लाखभर छायाचित्रं कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहात, आली. अभिलेखपाल आणि स्वयंसेवक एका टेबलाशी बसले की काय होतं, ते यात दिसतं.

आपल्या स्पर्धांत मला एवढंच हवंय. चुकीचं वाक्य संदर्भासह दुरुस्त केलं तर त्याला नव्या परिच्छेदाइतके गुण द्या. परीक्षकांत एक तरी माणूस जुने कागद हाताळलेला असू द्या. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर कुणी शंका विचारली आणि लेखकानं पुस्तक उघडून उत्तर दिलं, तर तेही मोजा. निकाल मुदत संपल्यावर लगेच नको, तीन महिन्यांनी लावा, म्हणजे कोण स्वतःच्या लेखाकडे परत आलं ते दिसेल. स्पर्धेच्या शेवटच्या रात्री जी घाऊक भर पडते, तिच्यातलं निम्मं पुढे प्रचालकांना (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांना) निस्तरावं लागतं, हे मी परीक्षक म्हणून जवळून पाहिलंय.

'मग स्पर्धाच कशाला?' असं एका जुन्या संपादक मित्राचं म्हणणं आहे. त्याच्याशी मी सहमत नाही. स्पर्धा नसती तर मी वायतांगीकडे वळले नसते. मागच्या वेळी आलेल्यांपैकी दोघं अजून नियमित लिहितायत, त्यांतला एक धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, आधी पूर्ण लेख घोटतो आणि मगच मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष विश्वकोशात, आणतो. अशी दोन माणसं महिनाभराच्या खटाटोपातून मिळाली तर मला तो खटाटोप हवा आहे.

मुदत संपायला चार दिवस उरलेत. उंदरांच्या वाक्यापुढे मी स्वतःच 'संदर्भ हवा' असा साचा, म्हणजे सूचनेची तयार पट्टी, लावून ठेवलाय, कारण ते मी एका संकेतस्थळावर वाचलं होतं आणि तिथे पानक्रमांकासकट आधार नव्हता. काल एका ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात हवं ते पुस्तक सापडलं. आज रात्री जेवण झालं की तो साचा काढणार आहे.