सदाफुलीची आठ पानं केमोची जागा घेत नाहीत

सदाफुलीचा एक फॉरवर्ड सध्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "कॅन्सरचं औषध सदाफुलीपासूनच बनतं. कंपन्या हे लपवतात. रोज सकाळी अनशापोटी पांढऱ्या सदाफुलीची ८ पानं चावून खा किंवा रस काढून घ्या. केमोची गरज नाही, साखर नॉर्मल, स्मरणशक्ती दुप्पट. नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. १० जणांना पाठवा."

हा मजकूर खारघरला ब्लड कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या एका लहान मुलाच्या आईपर्यंत पोचला. नात्यातल्याच माणसाने पाठवला, खाली "करून बघायला काय हरकत आहे" असं लिहून. हरकत आहे, आणि ती नीट सांगितली पाहिजे, कारण या फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य खरं आहे आणि त्याच्या जोरावर पुढचं सगळं खोटं खपून जातं.

हो, औषध याच झाडातून आलं. व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही सदाफुलीचीच अल्कलॉइडं, म्हणजे झाडात बनणारी तीव्र असराची रसायनं. व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली, आणि मुलांच्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या एका प्रकाराच्या, उपचारात ते आजही पहिल्या आठवड्यापासून असतं. एवढं मान्य. पण यातलं पहिलं, व्हिन्ब्लास्टिन, सापडलं कसं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने वाचलं असतं तर पुढचं एकही वाक्य लिहिलं नसतं.

१९५२ साली जमैकाहून कॅनडातल्या एका डॉक्टरकडे या झाडाची पानं आली. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. डॉक्टरांचे भाऊ रॉबर्ट नोबल वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधक होते. त्यांनी आणि चार्ल्स बीअर यांनी तपासायला घेतला तो साखरेचाच दावा. उंदरांना पानांचा अर्क तोंडाने दिला, साखर हलली नाही. मग शिरेतून टोचला, तर उंदीर दगावले, आणि तेही साखर उतरून नव्हे, जंतुसंसर्गाने. अंगात जागोजागी गळवं झालेली. रक्त पाहिलं तर पांढऱ्या पेशी पार घसरलेल्या, अस्थिमज्जा दबलेली. पांढऱ्या पेशी मारणारं हे द्रव्य पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल, हा विचार तिथून निघाला आणि १९५८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. तोंडाने घेऊन साखर उतरत नाही आणि रक्तात गेलं तर घातक, हे दोन्ही त्या एकाच कामात आहे. "साखर नॉर्मल" आणि "साइड इफेक्ट शून्य" या दोन दाव्यांचं उत्तर पासष्ट वर्षांहून जुनं आहे.

आता सगळ्यात घातक दाव्याकडे येऊ: पानं खाल्ली म्हणजे केमोच झाली.

१ ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन काढायला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे १ ग्रॅम वाळक्या पानातून २ मायक्रोग्रॅम हाती येतं. व्हिन्क्रिस्टिन तर त्याहून कमी. सदाफुलीच्या ८ ताज्या पानांत पाणीच जास्त, वाळवली तर जेमतेम अर्धा ग्रॅम भरतील. त्यातून हाती येईल १ मायक्रोग्रॅम. लहान मुलाला व्हिन्क्रिस्टिनचा डोस शरीराच्या पृष्ठभागावरून ठरतो, दर चौरस मीटरला साधारण १.५ मिलिग्रॅम. ०.८ चौरस मीटरच्या मुलाला १.२ मिलिग्रॅम, म्हणजे १२०० मायक्रोग्रॅम. व्हिन्ब्लास्टिनइतकंच प्रमाण धरलं तरी रोज ८ पानं या हिशेबाने एका डोसएवढा माल जमायला १२०० दिवस लागतील, म्हणजे सव्वातीन वर्षं. हा डोस सुरुवातीच्या टप्प्यात दर आठवड्याला एक असतो. पानात प्रत्यक्षात दहापट जास्त आहे असं धरा, तरी चार महिने होतात. शिवाय पोटातून हे औषध रक्तात धड उतरत नाही. किती उतरेल याचा भरवसा नाही, म्हणूनच त्याची गोळी बाजारात नाही आणि ते फक्त शिरेतून देतात.

पानात ते इतकं कमी का, याचं कारण पानाच्या रचनेतच आहे. व्हिन्ब्लास्टिनचा रेणू दोन तुकड्यांचा असतो, कॅथारँथिन आणि विंडोलिन. २०१० च्या एका अभ्यासात पानं क्लोरोफॉर्ममध्ये बुडवून पाहिली. पान न चिरडता कॅथारँथिन सुटून आलं, कारण ते पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात साठतं. विंडोलिन मात्र आतल्या पेशींतच राहिलं. दोन तुकडे एकाच पानात, पण वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले, त्यामुळे त्यांची जोडी झाडात क्वचितच जुळते. कारखान्यात हे दोन तुकडे वेगळे काढतात, शुद्ध करतात आणि मग रसायनाने जोडतात. पान चावल्याने ही जोडणी तोंडात होत नाही.

झाडावरचं हे अवलंबन कमी करायचा प्रयत्नही झाला. २०२२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या कामात यीस्टच्या पेशीत वनस्पतींचे ३४ जनुक घातले, एकूण ५६ जनुकीय बदल केले आणि ३० एन्झाइमी पायऱ्या बसवल्या, तेव्हा कुठे त्या यीस्टने कॅथारँथिन आणि विंडोलिन तयार केलं. शेवटची जोडणी तिथेही पेशीबाहेरच करावी लागली. एवढा खटाटोप ज्या रेणूसाठी करावा लागतो, तो वाटीभर रसातून मिळतो असं लिहून पाठवणाऱ्याला निदान एक मिनिट थांबून विचार करता आला असता.

"नैसर्गिक म्हणून निर्धोक" यावर तर मला चीड येते. व्हिन्क्रिस्टिन हे केमोच्या वॉर्डात सर्वाधिक जपून हाताळल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक आहे. १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम अशी छोटी बाटली, २ ते ८ अंश तापमानात, उजेडापासून दूर. द्यायच्या आधी नर्स सुईतून रक्त मागे येतं का ते पाहते, कारण औषध शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस सडतं. त्यावर शेक गरम द्यायचा असतो. गार पट्टी ठेवली तर इजा वाढते. आणि चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर माणूस जवळपास निश्चित दगावतो. ल्युकेमियाच्या याच मुलांना मेथोट्रेक्झेट हे केमोचं दुसरं औषध मणक्यातून देतात. दोन सिरिंजा एकाच ट्रेमध्ये असल्या की अदलाबदल होते, आणि असे मृत्यू वेगवेगळ्या देशांत झाले आहेत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सूचना काढली की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्या. पिशवी मणक्याच्या सुईला जोडण्याची चूक सहसा होत नाही.

योग्य डोसमध्ये, योग्य शिरेतून दिलं तरी ते नसांना त्रास देतंच, कारण ते ज्यावर घाव घालतं ती वस्तू नसांतही आहे. पेशी दोन होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे, म्हणजे मायक्रोट्युब्यूल्स, व्हिन्क्रिस्टिन बनू देत नाही. कर्करोगाची पेशी तिथेच अडकून मरते. पण नसेच्या लांब तंतूत हेच धागे रुळांसारखे पसरलेले असतात. पेशीच्या मुख्य भागात बनलेली प्रथिनं आणि मायटोकाँड्रिया या रुळांवरून टोकापर्यंत जातात. रूळ उखडले की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं, आणि ते असतं पायाच्या बोटांत. म्हणून आधी तळपायाला मुंग्या येतात, घोट्यामागे हातोडीने ठोकलं तर पाऊल आपोआप झटका देत नाही, चालताना पाऊल नीट उचललं जात नाही, चपला पायातून निसटतात. आतड्याच्या नसा मंदावल्या की घट्ट बद्धकोष्ठ होतो. काही मुलांचा जबडा दुखतो.

कुणाला हा त्रास जास्त आणि कुणाला कमी, यावर जनुकांच्या बाजूने काम चाललंय. २०१५ साली सीईपी७२ या जनुकाच्या एका विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या मुलांना नसांचा त्रास अधिक होतो असं दिसलं. पुढच्या काही अभ्यासांत हा संबंध तितका ठळक दिसला नाही, त्यामुळे त्यावर आज डोस ठरत नाही. २०१६ साली सार्म१ हा जनुक काढून टाकलेल्या उंदरांना व्हिन्क्रिस्टिन दिलं, तेव्हा त्यांच्या नसा बऱ्याच वाचल्या. शुद्ध, मोजलेल्या, ठरलेल्या वाटेने दिलेल्या औषधाबद्दल अजून एवढी बारीक तपासणी चालू आहे, आणि इथे मोजमाप काय तर "८ पानं".

कुणी विचारेल, पानात औषध नगण्य, मग अपाय तरी कसला? रास्त प्रश्न आहे. पहिला आणि सगळ्यात मोठा अपाय म्हणजे केमो थांबते. मुलांच्या या ल्युकेमियात आज चांगल्या उपचाराने प्रगत देशांत ९० टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात, पण ती एका औषधाने नव्हे. स्टेरॉइड, अस्पराजिनेज, मेथोट्रेक्झेट, मर्कॅप्टोप्युरिन अशी अनेक औषधं ठरलेल्या तारखांना, दोन वर्षांहून अधिक काळ द्यावी लागतात. नुसत्या व्हिन्क्रिस्टिनने आजार दबतो आणि परत येतो. म्हणजे पानात पूर्ण डोस असता तरी हा सल्ला चुकीचाच ठरला असता.

दुसरं, या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइडं आहेत. त्यातलं अज्मालिसिन रक्तदाबावर काम करतं. पानाचं वय, ऋतू आणि जागा बदलली की प्रमाण बदलतं. चार पानांच्या रसाला फारसा अर्थ नसेल, पण "गुण येत नाही" म्हणून माणूस मुठीने घेऊ लागतो, काढा आटवतो, बाजारातला अर्क आणतो, आणि मग हिशेब कुणाच्याच हातात राहत नाही. तिसरं, घोडबंदरपासून नेरूळपर्यंत ही झाडं सोसायटीच्या गेटपाशी, रस्त्याकडेच्या कुंड्यांत आणि गटाराच्या कडेला वाढतात. ज्याचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पडलेत त्याला तिथलं कच्चं पान देणं म्हणजे मातीतले जंतू थेट पोटात देणं.

साखरेबद्दल थोडं. नंतरच्या काळात मधुमेही केलेल्या उंदरांवर पानांच्या अर्काचे प्रयोग झाले आणि त्यात साखर उतरलीही. हे नाकारत नाही. पण तो अर्क रासायनिक द्रावकातून काढलेला होता, मात्रा वजनाच्या दर किलोला ५०० मिलिग्रॅम. सरळ हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज ३० ग्रॅम अर्क, तोही पान नव्हे. यावरून कुणाची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद करता येत नाही. आणि इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊन ते मूल आयसीयूत जाऊ शकतं.

स्मरणशक्तीचा दावा नावाच्या घोळातून आलाय. व्हिन्पोसेटिन नावाचं मेंदूच्या रक्तपुरवठ्यासाठी वापरलेलं औषध व्हिन्कामिनपासून बनतं, आणि व्हिन्कामिन येतं व्हिन्का मायनर या युरोपातल्या वेलीतून. आपल्या सदाफुलीचं जुनं नाव व्हिन्का रोझिया, आताचं कॅथारँथस रोझियस. झाडंच दोन वेगळी. आणि त्या व्हिन्पोसेटिनबद्दलही अमेरिकेच्या एफडीएने २०१९ साली इशारा दिला की गर्भवती किंवा गर्भ राहू शकेल अशा स्त्रियांनी ते घेऊ नये, गर्भपाताचा धोका आहे. सदाफुलीची पानंही गरोदर बाईने अजिबात घेऊ नयेत.

पांढरं फूलच का? फुलाचा रंग अँथोसायनिनचा, तो झाडात वेगळ्याच वाटेने बनतो, म्हणून फुलाच्या रंगावरून औषधाचं काही ठरत नाही. कंपन्या लपवतात म्हणावं, तर हे झाड आणि हे औषध १९५८ पासून छापील आहे, तमिळनाडूत त्याची शेती होते, आणि व्हिन्क्रिस्टिन या उपचारातल्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे. घराचं कंबरडं मोडतं ते अॅडमिशन, अँटिबायोटिक, रक्तपेशी आणि खोलीभाड्याने.

ज्या घरात हा रस दिला गेलाय त्यांनी घाबरून लपवू नये. किती पानं, किती दिवस, ताजी की काढा, शेवटचं कधी, हे कागदावर लिहून ओपीडीत दाखवा, अर्काची बाटली असेल तर तीही न्या. पुढच्या डोसआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, होतेच, त्यात हे डॉक्टरांना माहीत असणं गरजेचं आहे. मुलाला बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चालू असेल तर तेही आठवणीने सांगा. ही औषधं यकृतात व्हिन्क्रिस्टिन मोडू देत नाहीत आणि नसांचा त्रास एकदम वाढतो. मूल टाचांवर चालू शकतं का ते घरीच पाहा, दोन-तीन दिवस शौचाला झालं नसेल तर फोन करा. आणि केमो चालू असलेल्या मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी रिक्षा पकडा.