बिनमाळेचा माणूस

जुलै 2025 मध्ये घरच्या ग्रुपवर दादाने एक ओळ टाकली आणि माझी झोप उडाली. "ज्याला देवच मान्य नाही त्याचं वारीत काय काम?" वारीत 'अर्बन नक्षल' शिरल्याचं विधान परिषदेत कुणीतरी बोललं होतं. संविधानाच्या, पर्यावरणाच्या नावाने चालणाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं होतं आणि चॅनेलांना दोन दिवस पुरेल इतका दारूगोळा मिळाला होता. दादा काही राजकारणातला माणूस नाही. पण ओळ त्याची स्वतःची होती, आणि तिच्याखाली घरातल्या बहुतेकांनी हात जोडले होते. ताईनेसुद्धा.

मी जर्मनीत कोलोनला एकोणीस वर्षं आहे आणि एकोणीस वर्षांत मी वारी चाललेलो नाही. तरी मला राग आला. कशाचा, ते तेव्हा नीट कळलं नाही. मी चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं.

आमचं घर नातेपुत्याचं. म्हणजे माउलींच्या पालखीचा मुक्काम आमच्या दारात. दिंडी अंगणात उतरायची. आदल्या रात्रीपासून चुलवणं पेटलेली, पिठल्याची पातेली दोघांनी मिळून उचलायची, गल्लीतल्या सगळ्या घरांतून भाकऱ्यांच्या चवडी यायच्या. दोरीवर ओली धोतरं आणि नऊवारी, ओसरीवर पाय चेपून घेणाऱ्या म्हाताऱ्या, आणि पहाटे तीनला पखवाजाची थाप. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं सदाशिवनगरपर्यंत पळत जायचो, गोल रिंगण बघायला. अश्व पळून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायची. ती माती मी कंपासपेटीत जपून ठेवत असे.

माझ्या गळ्यात माळ आठव्या वर्षी पडली. तात्यांनी, म्हणजे आजोबांनी, आळंदीला नेऊन घातली. घरात पाच पिढ्यांची माळ, असं ते सांगत. एकादशी, रोज संध्याकाळी हरिपाठ, कार्तिकात काकडा, मांसमच्छीचं नाव नाही. माळ तुटली तर ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. एकदा कबड्डीत माझी तुटली तेव्हा मी भर उन्हात मैदानावर रांगत मणी शोधत होतो आणि मास्तर घड्याळ बघत उभे होते. एक मणी शेवटपर्यंत सापडला नाही. आईने तात्यांना कळू न देता आपल्या माळेतला एक काढून दिला.

इथवर सगळं गोड आहे. परदेशातला माणूस घराबद्दल लिहायला बसला की इथेच थांबतो, त्यामुळे पुढचं मुद्दाम लिहितो.

गोठ्याच्या वळचणीला एक कपबशी खोवलेली असायची. कपाचा कान तुटलेला. आमच्याकडे सालाने असलेल्या काकांची ती. ते मांगवाड्यातले. चहा पिऊन ते ती स्वतः धुवायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. एका वर्षी दिंडीत त्यांचा मेहुणा होता, माळकरी. सकाळी निघताना तात्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला, "माउली" म्हणाले, त्यानेही तात्यांच्या पायांना लावला. पंढरपूरहून परतताना तो बहिणीकडे थांबला आणि काकांबरोबर आमच्या गोठ्यात आला. आईने चहा आणला. वळचणीला कप एकच होता. दोघांनी आळीपाळीने प्यायला, आधी पाहुण्याने.

मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवशी माझा देव गेला, असं लिहिलं तर लेखाला शोभेल, पण तसं काही झालं नाही. मी ते पाहिलं आणि खेळायला गेलो. त्याचा अर्थ लागला फार पुढे, इकडे आल्यावर, जिथे अर्थ लावायला काही किंमत मोजावी लागत नाही. माळ मी काढली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तीही होस्टेलच्या मेसमध्ये रविवारी मिळणाऱ्या ऑम्लेटसाठी. दिवाळीला घरी आलो तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ठेवलीस कुठं?" मी म्हटलं, डब्यात. "बरं. टाकू नको." त्यानंतर वारले तोवर त्यांनी तो विषय काढला नाही.

दादाला लिहिलेल्या उत्तरात यातलं काहीच नव्हतं. त्यात होता इतिहास. वारीत कोणाचं काय काम हे ठरवणारे लोक पंढरपुरात पूर्वीही होते, असं लिहिलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी आहे. ते आत का नाहीत हे कुणाला विचारायला नको. मे 1947 मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना, साने गुरुजींना तनपुरे महाराजांच्या मठात जिवावर उदार होऊन उपोषण करावं लागलं, तेव्हा दलितांसाठी विठ्ठलाचं दार उघडलं. तेव्हाही धर्म बुडतो म्हणणारे माळकरीच होते आणि आपल्या मठात गुरुजींना जागा देणारेही वारकरीच. हा दुसरा भाग मी आधी लिहिला होता, मग काढून टाकला. वाद जिंकायचा होता.

मग आलं जर्मनी. ते येतंच, आम्हा लोकांना आवरत नाही.

इथे माझ्या पगाराच्या कागदावर धर्माच्या रकान्यात दोन आडव्या रेघा आहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या कागदावर पूर्वी चर्चचा कर असायचा, आयकराच्या 9 टक्के, पगारातून थेट कापून जाणारा. 2021 च्या सुरुवातीला त्यांनी आम्ट्सगेरिष्टात, म्हणजे इथल्या कोर्टात, जाऊन, 30 युरो भरून, चर्च सोडलं. पाद्र्यांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांवरून तेव्हा कोलोनमध्ये इतका संताप होता की चर्च सोडायलाही तारीख मिळत नव्हती. 2022 या एका वर्षात देशभरात 5,22,821 लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं. आणि याच बाई दर नोव्हेंबरात संत मार्टिनच्या मिरवणुकीत पोराचा कंदील धरून, गाणी म्हणत, घोड्यामागून चालतात. बाई, तुम्ही तर चर्च सोडलंत, तुमचं इथे काय काम, असं त्यांना कुणी विचारत नाही. केवेलार या तीर्थाच्या गावी मेरीला 1642 पासून लोक पायी जातात. तिथे ऑगस्टमध्ये श्रीलंकेचे तमिळ हजारोंनी लोटतात, त्यांत साड्या नेसलेल्या, कुंकू लावलेल्या हिंदू बायकाही. दारात कुणी विचारत नाही. दादा, याला म्हणतात मोठं मन, असं लिहून मी पाठवून दिलं.

पाठवल्यावर चांगलं वाटलं. मग हळूहळू वाटेनासं झालं, कारण मी काय गाळलं ते मला माहीत होतं. 2012 मध्ये जर्मन बिशपांनीच फतवा काढला: कोर्टात जाऊन चर्च सोडणाऱ्याला प्रसाद नाही, कुणाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता होता येणार नाही, आणि मरताना पश्चात्ताप दाखवला नसेल तर अंत्यविधीही नाकारता येईल. म्हणजे इथेही दार आहे, आणि दारात वही घेऊन माणूस बसलेला आहे. वारीच्या दारात निदान वही तरी नाही. आळंदी ते पंढरपूर नुसतं चालणाऱ्याचं कुणी नाव नोंदवून घेत नाही, वर्गणी भरलीय का विचारत नाही. तुम्ही रस्त्यात मध्येच घुसलात तरी पुढचा माणूस हातात टाळ देतो. दादाच्या त्या ओळीला हेच उत्तर होतं आणि ते घरचंच होतं. त्यासाठी केवेलारला जायची गरज नव्हती. पण इतकी वर्षं इथे राहिल्यावर आपल्या प्रत्येक मुद्द्याला जर्मन शिक्का लागतो, नाहीतर तो आपल्यालाच खरा वाटत नाही.

ते दोन रेघांचंही तसंच. ग्रुपवर मी त्या अभिमानाने मिरवल्या, जणू नास्तिकपणाचं पदकच. त्यांचा अर्थ इतकाच की फिनान्सआम्टला, म्हणजे कर खात्याला, माझ्याकडून चर्चचा कर मिळत नाही. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाच्या कागदावरही त्याच दोन रेघा आल्या असत्या.

दादाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. मला वाटलं होतं साने गुरुजींवर काहीतरी येईल. त्याने अंगणाचा फोटो पाठवला होता. पंगत बसलेली, मागे ताई भाकऱ्या वाढतेय, पत्र्याच्या जागी स्लॅब. फोटो मोठा करून मी आधी गोठ्याची बाजू शोधली. गोठाच नाही तिथे, मोटारसायकली लावल्यात. मग न राहवून वेगळा मेसेज करून विचारलं, ती वळचणीची कपबशी आठवते का, तिचं काय झालं.

"तात्या गेले त्याच वर्षी फोडली मी. काकांना म्हटलं घरात या, तर ते चार महिने आत येईनात. आईही बोलेना माझ्याशी. तू नव्हतास तेव्हा, तुझं ते जर्मनीचं पक्कं झालं होतं."

तात्या गेले 2006 साली. दादाच्या गळ्यात तेव्हा माळ होती, आजही आहे. मी तोपर्यंत सहा-सात वर्षं बिनमाळेचा, सुधारलेला, आणि सुट्टीला घरी गेलो की त्या गोठ्यासमोर बसून चहा पीत असे, कान असलेल्या कपातून.

त्याची ती ओळ मला अजूनही पटत नाही. तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, नको पटू दे. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, पालखी उशिरा येईल, पोरीला सुट्टी लागत असेल तर बघ. पंगतीला वाढायला आता माणसं मिळत नाहीत, जो तो मोबाईल घेऊन रिंगणाला पळतो. माळेचं त्याने काही लिहिलं नव्हतं. सुट्टीचा अर्ज मी भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. आईने मणी दिलेल्या माळेचा तो डबा तळघरात कुठल्यातरी खोक्यात आहे, हिवाळ्याच्या टायरांमागे.