आपल्यासारखं सोसलं तरच तो खरा स्पायडरमॅन?

तिशी-चाळिशीतल्या सगळ्या सुपरहिरोवेड्या दोस्तांनो, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. नवीन स्पायडरमॅन आला, माइल्स मोरालेस हा दुसरा पोरसवदा स्पायडरमॅन आला, मिस मार्व्हल म्हणजे कमला खान आली, कोणीही पोरगं मास्क घालून आलं की आपल्याकडे दोन कमेंट ठरलेल्या. एक, "टोबी तो टोबीच". आणि दुसरी, "याने सोसलंय काय?" पहिलीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ते प्रेम आहे आणि मलाही टोबी मॅग्वायरचा २००२चा स्पायडरमॅन पिक्चर जीव की प्राण आहे. पण दुसरी कमेंट मला खरंच खटकते.

कारण बघा ना, आपण ज्याला "आपला" टीनएज हिरो म्हणतो तो पडद्यावर टीनएजर होता किती वेळ? टोबी मॅग्वायर पिक्चर आला तेव्हा २६ वर्षांचा होता आणि पहिल्याच भागात अर्ध्या वाटेवर त्याची शाळा संपतेसुद्धा. आपल्याला जे जास्त आठवतं ते तर २००४च्या दुसऱ्या भागातलं, पिझ्झा पोचवायला झालेला उशीर, थकलेलं भाडं, दारात उभा घरमालक, कॉलेजमध्ये लेक्चर बुडवल्याची बोलणी. म्हणजे शाळेत असताना आपण आपल्यापेक्षा मोठ्या मुलाची गोष्ट बघितली आणि मनात मात्र ती आपल्या वयाची म्हणून जपून ठेवली. यात गैर काहीच नाही, दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला आयुष्यभर जास्त ठळक राहतात यावर मानसशास्त्रात भरपूर अभ्यास झालाय. फक्त त्या आठवणीची पट्टी घेऊन आजच्या पंधरा वर्षांच्या पोराला मोजायला निघालो की गडबड होते.

मुळात पीटर पार्कर, म्हणजे मास्कमागचा मूळ स्पायडरमॅन, कशासाठी आला होता? १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोने त्याला आणला तेव्हा कॉमिक्समधली पोरं म्हणजे बहुतेक मोठ्या हिरोच्या मागे पळणारे, बॅटमॅनच्या रॉबिनसारखे साथीदार. इथे शाळेतलं पोर स्वतःच हिरो झालं, चष्मा, टिंगल करणारे वर्गमित्र, घरी काकू, खिशात पैसे नाहीत. वाचणाऱ्या मुलांना तो आपल्यातला वाटला. मग १९६५ मध्ये तो शाळा पास होऊन कॉलेजात गेला, पुढे १९८७ मध्ये त्याचं मेरी जेनशी लग्नही लागलं, आणि २००७ मध्ये मार्व्हल कंपनीने ते लग्न कथेतून पुसूनच टाकलं, तेव्हा लग्न झालेल्या पीटरबरोबर मोठे झालेले वाचक जाम भडकले होते. प्रत्येक पिढीचा "खरा" पीटर वेगळाच!

आता टॉम हॉलंड, अलीकडच्या पिक्चरमधला पीटर. २०१७च्या होमकमिंगमध्ये तो पंधरा वर्षांचा आहे, आणि तसा वागतो. आपली तक्रार काय, तर आयर्न मॅनने आयता सूट दिला, हा कसला स्पायडरमॅन, हा तर ज्युनियर आयर्न मॅन. अहो पण तो सूट काढूनही घेतलाय की! शेवटी इमारतीच्या ढिगाऱ्याखाली अडकतो तेव्हा अंगावर घरीच जमवलेला हुडी-ट्रॅकपँटवाला सूट असतो, आणि तो रडतो, कुणीतरी या, मी इथे खाली आहे म्हणून ओरडतो. ढिगारा उचलायचा हा प्रसंग १९६६च्या कॉमिकमधला गाजलेला प्रसंग आहे, पण तिथला पीटर तोवर कॉलेजला गेलेला. इथे श्वास अडकलेलं शाळकरी पोर आहे. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांना ते रडणं "हिरोला शोभत नाही" असं वाटलं होतं. मला तर अख्ख्या सिरीजमधला सगळ्यात खरा क्षण तोच वाटतो.

आणि मग नो वे होम, डिसेंबर २०२१. आधीच्या पिक्चरमधले दोघे स्पायडरमॅन, टोबी आणि अँड्र्यू गारफिल्ड, आले तेव्हा आपण शिट्ट्या मारून घसे बसवले, अँड्र्यूने पीटरच्या मैत्रिणीला, एमजेला, झेललं तेव्हा मी ढसाढसा रडले, सगळं मान्य. पण शेवट आठवा. मे काकू गेली. जादूच्या मंत्राने सगळं जग पीटरला विसरलं. एमजे आणि जिवलग मित्र नेड एमआयटी कॉलेजला चालले, हा एकटा भाड्याच्या खोलीत स्वतःचा सूट शिवत बसलाय. आणि आपल्या लोकांच्या पोस्ट काय होत्या? "आता कुठे खरा स्पायडरमॅन झाला!" आनंदाने लिहिलेल्या! सतरा-अठराच्या पोराची सगळी माणसं तुटली, आणि आपल्याला समाधान, कारण आता तो आपल्या आठवणीतल्यासारखा दिसायला लागला. "आम्ही दोन मैल अनवाणी शाळेत जायचो" म्हणणाऱ्या आजोबांसारखंच झालं की हे, नातवाला बूट मिळाले याचा आनंद नाही, पाय भाजले नाहीत याचंच वाईट वाटणार.

माझ्या भाचीने तो पिक्चर घरी बघितला तेव्हा ती नववीत होती. ती बोलत राहिली ती डोनटच्या दुकानातल्या सीनबद्दल. पीटरच्या हातात लिहून आणलेला कागद असतो, एमजेच्या कपाळावर पट्टी दिसते, आणि तो काही न सांगता कॉफी घेऊन निघून जातो. आपण म्हणालो, वा, किती मॅच्युअर झाला, काय त्याग. ती चिडलेली. "मावशी, येऊन सगळं सांगेन असं प्रॉमिस केलं होतं ना त्याने? मग तिला काय हवंय ते हा एकटा कसं ठरवतो?" दहावीनंतर मैत्रिणी वेगवेगळ्या कॉलेजला जाणार याची धास्ती तिला तेव्हापासूनच होती. सिनेमा तिच्या वयाशी बोलत होता, आपण त्यात आपलं वय शोधत बसलो होतो.

कमला खानचं तर विचारूच नका. २०२२ला मिस मार्व्हल आली तेव्हा "लहान मुलांची वाटते" ही टीका म्हणून लिहिली गेली. सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे ती! मग कोणाची वाटायला हवी होती?

म्हणूनच २०२३चा अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स, वेगवेगळ्या विश्वांतले स्पायडरमॅन एकत्र येतात तो माइल्सचा अॅनिमेशन पिक्चर, मला इतका लागला. आपल्याकडे तो मराठीतही डब होऊन आला होता, नसेल बघितला तर बघाच. त्यात मुंबई-मॅनहॅटनची मिसळ असलेल्या मुंबॅटन शहराचा स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे, हसतखेळत जाळी फेकणारा, कुणी गमावलंय म्हणून हिरो झालाय असं त्याच्याकडे बघून वाटतच नाही. तर नियम काय, त्याच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे वडील इन्स्पेक्टर सिंग मेलेच पाहिजेत, कारण स्पायडरमॅनच्या गोष्टीत असंच होतं. माइल्स त्यांना वाचवतो आणि तोच त्याचा गुन्हा ठरतो. या सगळ्या स्पायडरमॅनचा म्होरक्या मिगेल ओ'हारा त्याला सांगतो की तुझे बाबाही जाणार, जायलाच हवेत, आम्ही सगळ्यांनी सोसलंय. त्या पोराच्या मागे शेकडो स्पायडरमॅन धावतात, आणि त्याचा दोष एवढाच की त्याला बाबा जिवंत हवे आहेत. मिगेल वाईट माणूस नाहीये, दुखावलेला आहे, पण स्वतःचं दुःख त्याने नियमाच्या पुस्तकात घातलंय. आपल्या कमेंट वाचताना मला हल्ली त्याचाच आवाज ऐकू येतो.

माइल्सचा पुढचा भाग येईल तेव्हा त्याचे बाबा वाचले तर "मग काय अर्थ राहिला" असं लिहिणारे निघतीलच. मी तर ते वाचावेत म्हणूनच तिकीट काढणारे.