भत्ता कसा मागावा

कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार म्हणून निघालाच आहात, तर चार युक्तीच्या गोष्टी ऐकून ठेवा. कवायत मागाहून येईल. न आली तरी फारसं अडत नाही.

आधी नोकर जमवा. स्वतःच्या हाताने बूट चढवणाऱ्याला साहेब कोण म्हणेल? खानसामा, भिश्ती, धोबी, न्हावी हे तर धरलेलेच. घोडा एक असला तरी माणसं दोन लागतात. मोतद्दार खरारा करतो, गवत कापत नाही. गवत कापायला वेगळा गडी. आणि आबदाराला विसरलात तर मेलात. सोरा घातलेल्या पाण्यात वाइनची बाटली गोल गोल फिरवून गार करायची, एवढंच त्याचं काम. सोरा तोफेच्या दारूलाही लागतो म्हणतात. लागो बापडा.

हा संसार वाहायला बैल हवेत. १७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज पुण्यावर निघाली, तेव्हा लढणारे चार हजारांच्या आत आणि बैल १९ हजार! बोरघाट चढून हे वऱ्हाड कार्ल्यावरून रखडत रखडत जानेवारीत तळेगावला पोचलं. पुढे मराठे, मागे मराठे, गावात दाणा नाही. माघार ठरली तेव्हा जड तोफा तळ्यात ढकलून दिल्या. बरोबरच आहे. तोफ टाकता येते, खानसामा कसा टाकणार? मग वडगावला तह करून मोकळे झाले.

आता मुख्य विषय, भत्ता. प्लासीच्या लढाईनंतर बंगालचा नवाब झालेल्या मीर जाफरने बंगालच्या अंमलदारांना दुप्पट भत्ता लावून दिला. नवाबाचं राज्य गेलं तरी सवय कशी जाणार? १७६६ च्या जानेवारीपासून कंपनीचा गव्हर्नर क्लाइव्ह याने तो बंद केला. (स्वतःचा खिसा केव्हाच भरून झाला होता, म्हणून ही विरक्ती.) अशा वेळी एकट्याने कुरकुरू नये. सगळ्यांनी गुपचूप शपथा घ्याव्यात आणि एकाच दिवशी राजीनामे टाकावेत. बंगालच्या साहेबांनी हेच केलं. त्यात गुंतलेल्या सर रॉबर्ट फ्लेचरला कोर्टमार्शल करून बडतर्फ केलं. घाबरू नका! काही वर्षांतच तो मद्रासच्या फौजेचा सरसेनापती झाला.

मात्र ही युक्ती महिना सात रुपयांवर, पदरचं खाऊन लढणाऱ्या काळ्या शिपायाच्या कानावर जाऊ देऊ नका. १८४४ साली बंगालच्या ३४ व्या पलटणीने सिंधवर जायला जादा भत्ता मागितला. पूर्वी तो मिळत असे, कारण सिंध परमुलूख होता. पण आदल्याच वर्षी कंपनीने सिंध जिंकला, म्हणजे तो घरचाच मुलूख झाला, आणि घरच्या घरी फिरायला भत्ता कसला? शिपायांना हा हिशेब काही केल्या पटेना. मग मीरतला अख्खी पलटण उभी केली आणि तिथल्या तिथे मोडून टाकली.

त्यांतला कोणी पुढे सरसेनापती झाल्याचं ऐकिवात नाही.